मुंबईच्या ट्रामची उद्घाटनाची फेरी : प्रस्थान आणि प्रवास

इ. स. १९०७ च्या मे महिन्याच्या ७ तारखेस मुंबईंत विजेवर चालणारी पहिली ट्रामगाडी म्युनिसिपालिटीच्या कचेरीसमोरून निघून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली. हें अंतर एक किलोमीटर सुद्धां भरत नाहीं. धडधाकट मनुष्य तें दहा मिनिटांत पायीं चालून जाईल. तथापि मुंबईच्या वाहतुकीची हकीकत सांगणारे बहुतेक जण या फेरीपाशीं थांबतात आणि विजेच्या ट्रामचें युग त्या दिवशीं सुरू झालें असें सांगून पुढें जातात. एवढ्या आंखूड प्रवासास एवढें महत्त्व कां मिळावें, त्या फेरीनें वास्तविक काय सुरू झालें, आणि काय त्यापूर्वींच होऊन गेलें होतें किंवा त्यानंतर व्हावयाचें राहिलें होतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्याकडे ‘प्रस्थान ठेवणें’ असा एक जुना प्रघात आहे. प्रवासाचा मुहूर्त एका दिवशीं असतो, पण निघणाऱ्याची सोय त्या दिवशीं नसते. अशा वेळीं मुहूर्तावर एखादें वस्त्र किंवा प्रवासांतील वस्तु घराबाहेर काढून शेजारच्या घरीं नेऊन ठेवीत, आणि सोयीच्या दिवशीं ती उचलून वाटेस लागत. मुहूर्त साधला जाई. प्रवास मागाहून होई. आळंदीहून श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते तेव्हां सुद्धां प्रस्थानाच्या दिवशीं ती गांवांतल्याच आजोळघरीं मुक्काम करते, आणि पुण्याची वाट दुसऱ्या दिवशीं धरते. संस्कृतांत ‘स्था’ धातूचा अर्थ उभें राहणें. ‘प्र’ उपसर्ग लागतांच तोच धातु निघणें हा अर्थ दाखवूं लागतो. प्रस्थान या शब्दांत म्हणून उभें राहणें आणि निघणें या दोन्ही गोष्टी आहेत. पोंचणें मात्र त्यांत नाहीं. नव्या वाहनाची उद्घाटनाची फेरी ही अशाच प्रकारचें प्रस्थान होय, असें आमचें म्हणणें आहे. तिची तारीख खरी, तिचा थाट खरा; परंतु तिला प्रवास समजून चालल्यास इतिहास चुकीच्या ठिकाणीं सुरू होतो.

(१)

अशा समारंभाच्या फेरीचा नमुना मुंबईस आगगाडीनें घालून दिला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी गाडी गेली, तिला १४ डबे होते, सुमारें ४०० निमंत्रित मंडळी तींत बसली होती, आणि २१ तोफांची सलामी झाली होती. निमंत्रितांस घेऊन जाणारी गाडी आणि तिकीट काढून बसणाऱ्यांची गाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली एकदां निघते, दुसरी रोज निघावी लागते. पुढें ट्रामच्या बाबतींतहि हाच भेद लक्षांत ठेवावा लागतो.

परंतु आगगाडी आणि ट्राम यांच्यांत एक मोठें अंतर आहे. आगगाडीस तिची स्वतंत्र जमीन असते. ट्रामचे रूळ सार्वजनिक रस्त्यांत, रस्त्याच्या पृष्ठाशीं सपाट बसवावे लागतात, म्हणजे त्यांवरून इतर गाड्यांस व पादचाऱ्यांस जातां येतें. रुळाच्या खांचेंतून चाकाची कड फिरते, आणि लोखंडावर लोखंड फिरत असल्यामुळें घर्षण कमी होऊन, खडीच्या रस्त्यावर जेवढा भार ओढण्यास अधिक जनावरें लागतील, तेवढा एक किंवा दोन घोडे सहज ओढतात. सोय अशी मोठी. पण तिच्यासाठीं रस्ता खोदावा लागतो, आणि रस्ता तर सर्वांचा. म्हणून ट्राम ही जशी रुळावर उभी असते तशीच कराराच्या कागदावरहि उभी असते. रूळ घालण्याचा हक्क किती वर्षांचा, भाडें किती, मुदत संपल्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न पहिली गाडी निघण्यापूर्वींच सोडवावे लागतात. उद्घाटनाच्या फेरींत हा कागद कोणास दिसत नाहीं.

(२)

मुंबईंत हा कागद तयार होण्यास बराच काळ लागला. घोड्यांच्या ट्रामची पहिली सूचना १८६५ सालीं एका अमेरिकन कंपनीनें केली होती आणि तिला परवानाहि मिळाला होता. तो काळ मोठा विलक्षण होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडास जाण्याचा बंद झाला, त्यामुळें मुंबईच्या कापसास अपूर्व किंमत आली, आणि शहरांत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्यें युद्ध संपतांच भाव कोसळले, शेअरांचा बाजार बुडाला, आणि परवाना हातांत असूनहि ट्राम निघाली नाहीं. पुढें १८७१ च्या नोव्हेंबरांत निविदा मागविण्यांत आल्या, १८७३ सालीं बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, आणि १८७४ च्या मुंबई ट्रामवेज कायद्यान्वयें तिला परवाना मिळाला. गाड्या चालविण्याचें काम स्टर्न्स आणि किट्रिज या मंडळीकडे होतें. त्यांच्या तबेल्यांत सुमारें ९०० घोडे होते असें सांगितलें जातें.

९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग दोन होते : कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. नकाशा समोर ठेवून पाहिल्यास या दोन मार्गांचें मर्म कळतें. एक टोंक कुलाबा आणि कोटाच्या बाजूस, म्हणजे कचेऱ्या, पेढ्या आणि सरकारी इमारती यांच्याकडे; दुसरें टोंक दाट वस्तीच्या देशी शहरांत. कामाचें ठिकाण आणि राहण्याचें ठिकाण हीं एकमेकांपासून दूर जाऊं लागलीं, तीं जोडण्याकरितां हे मार्ग आंखले होते. सहलीसाठीं आंखले असते तर त्यांचीं टोंकें निराळ्या ठिकाणीं पडलीं असतीं.

नुसतें उद्घाटन झालें म्हणजे ट्राम स्थिर होते असें नाहीं, हें कलकत्त्याच्या उदाहरणावरून दिसतें. तेथें घोड्यांची ट्राम मुंबईच्या आधीं, २४ फेब्रुवारी १८७३ रोजीं, सियालदा ते आर्मेनियन घाट या मार्गावर निघाली. परंतु उतारूंच्या अभावीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ती बंद पडली, आणि नव्या कंपनीच्या हातून पुन्हां सुरू होण्यास १८८० साल उजाडलें. तेथेंहि प्रस्थान झालें होतें. प्रवासच झाला नाहीं.

(३)

मुंबईची ट्राम टिकली याचें कारण शोधावयाचें तर तें भाड्यांत शोधावें लागतें. आरंभीं कुलाबा ते पायधुणी या प्रवासास तीन आणे पडत, आणि तिकीट देण्याची पद्धत नव्हती. लोकांची गर्दी वाढूं लागली तेव्हां भाडें दोन आण्यांवर आणलें गेलें. फुकट बसणाऱ्यांची संख्याहि वाढली, म्हणून त्याच वर्षीं पुढें तिकिटें देण्यास प्रारंभ झाला. विजेच्या ट्रामच्या काळांत तर एक आण्यांत लांबचा प्रवास होऊं लागला.

तीन आणे, दोन आणे आणि एक आणा यांतील अंतर आज क्षुल्लक वाटेल. म्हणून थोडा हिशोब करून पाहूं. सोळा आण्यांचा रुपया. महिन्यांत २६ दिवस काम धरून जाऊन-येऊन दोन फेऱ्या केल्यास तीन आण्यांच्या दरानें १५६ आणे, म्हणजे ९ रुपये १२ आणे लागतात. दोन आण्यांच्या दरानें १०४ आणे, म्हणजे ६ रुपये ८ आणे. एक आण्याच्या दरानें ५२ आणे, म्हणजे ३ रुपये ४ आणे. पहिल्या दरानें रोज ट्रामनें जाणें हें सुखवस्तु मनुष्यासच परवडणार. तिसऱ्या दरानें कारकून, दुकानांतला गुमास्ता किंवा शाळामास्तर यांनाहि ट्रामचा विचार करतां येतो. वाहन तेंच, रस्ता तोच. पण दर उतरतांच बसणारा समाज बदलतो. ज्या दिवशीं हा बदल झाला त्या दिवशीं कोठें मंडप घातला गेला नाहीं. इतिहासकारास मात्र तो दिवस उद्घाटनाच्या दिवसाइतकाच महत्त्वाचा असला पाहिजे.

तिकिटाची गोष्टहि अशीच. तिकीट हें वरवर पाहतां चोरी थांबविण्याचें साधन. परंतु त्यामुळें प्रवासी आणि कंपनी यांच्यांत एक लहानसा लेखी व्यवहार उत्पन्न झाला. रस्त्याच्या मालकीचा मोठा करार जसा म्युनिसिपालिटी आणि कंपनी यांच्यांतला, तसा तिकीट हा कंपनी आणि उतारू यांच्यांतला करारच होय.

(४)

आतां विजेकडे वळूं. १८८२ सालीं म्युनिसिपालिटीनें क्रॉफर्ड मार्केट व कांहीं रस्ते यांवर विजेचे दिवे लावण्याकरितां एका कंपनीशीं करार केला होता. पण ती कंपनी दुसऱ्याच वर्षीं मोडली आणि शहर पुन्हां ग्यासच्या दिव्यांकडे वळलें. ज्या मार्केटापर्यंत १९०७ सालीं विजेची ट्राम गेली, तेथेंच विजेचा हा पहिला प्रयोग पंचवीस वर्षांपूर्वीं होऊन गेला होता, ही गोष्ट उद्घाटनाच्या वर्णनांत बहुधा येत नाहीं.

विजेवर ट्राम चालविण्याची मागणी बॉम्बे ट्रामवे कंपनीनें १८९९ सालीं केली. खर्च मोठा असल्यामुळें तिनें अशी इच्छा दर्शविली कीं, ट्राम विकत घेण्याचा जो हक्क म्युनिसिपालिटीस १९०१ सालीं प्राप्त व्हावयाचा होता, तो तिनें सोडावा. सर्व प्रकरणाची गांठ येथें आहे. कंपनीचें म्हणणें असें कीं, मालकी जाणार असेल तर भांडवल कोण घालणार? उलट बाजूनें असा प्रश्न होता कीं, रस्ता जर शहराचा, तर त्यावरील वाहन कायमचें परक्या हातीं कां ठेवावें? म्युनिसिपालिटीनें हक्क न सोडतां कंपनीच विकत घेण्याचें ठरविलें. पण कायद्याच्या अडचणी आल्या. शेवटीं १९०५ सालीं म्युनिसिपालिटी, जुनी ट्राम कंपनी आणि ब्रश इलेक्ट्रिकल एंजिनियरिंग कंपनी यांच्यांत करार होऊन ट्राम व वीजपुरवठा हीं दोन्ही कामें ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ या नव्या कंपनीकडे आलीं. लोकांच्या तोंडीं पुढें रुळलेलें ‘बेस्ट’ हें नांव याच कंपनीच्या आद्याक्षरांचें होय.

त्याच वर्षीं वाडीबंदर येथें वाफेवर चालणारें ४,३०० किलोवॅट शक्तीचें वीजघर सुरू झालें. रस्त्यावर तारा ताणल्या गेल्या. गाडीच्या टपावरील दांड्यानें तारेंतून वीज घ्यावयाची, ती गाडीखालील यंत्रांतून फिरवून चाकांस गति द्यावयाची, आणि रुळांवाटे वीजघराकडे परत पाठवावयाची, अशी रचना होती. म्हणजे घोड्यांच्या काळीं केवळ वाट दाखविणारे रूळ आतां विजेच्या मार्गाचाहि एक भाग बनले. हें सर्व सिद्ध झाल्यावर ७ मे १९०७ चा दिवस उगवला.

(५)

आतां त्या फेरीकडे पुन्हां पाहावें. आरंभाचें ठिकाण म्युनिसिपालिटीची कचेरी. ही इमारत १८९३ सालीं पुरी झाली होती. शेवटचें ठिकाण क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे १८६९ सालीं पुरी झालेली, पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नांवाची मंडई. तिला आतां महात्मा जोतिबा फुले यांचें नांव आहे. करार करणारी शहराची सत्ता एका टोंकास आणि शहराचा रोजचा बाजार दुसऱ्या टोंकास, असें त्या फेरीचें स्वरूप दिसतें. हीं टोंकें कोणी मुद्दाम अर्थ मनांत धरून निवडलीं असें आम्ही म्हणत नाहीं. रूळ आणि सोय यांवरूनच तीं ठरलीं असावींत. तथापि तोच बाजार वारंवार पुढें येतो, हें विसरतां येत नाहीं. १८७४ ची ट्राम त्याच्यावरून गेली, १९०७ ची तेथें पोंचली, आणि १५ जुलै १९२६ रोजीं शहराची पहिली मोटारबस अफगाण चर्चहून निघाली तीसुद्धां क्रॉफर्ड मार्केटासच गेली. ज्या ठिकाणीं माणसें आपोआप जमतात, तेथेंच नवें वाहन आपली परीक्षा देतें.

ही फेरी देशांतील पहिली होती असें मात्र कोणी समजूं नये. विजेची ट्राम मद्रासेंत १८९५ सालीं आणि कलकत्त्यांत १९०२ सालीं निघाली होती. मुंबई या बाबतींत मागून आली, आणि तें मागून येणें तिच्या कराराच्या भांडणाचें फळ होतें.

येथें अशी शंका येईल कीं, मग उद्घाटनाच्या समारंभास कांहींच किंमत नाहीं काय? किंमत आहे, आणि ती थोडी नाहीं. करार बंद खोलींत होतो. समारंभांत तो शहरासमोर उघड होतो. कंपनीनें आणि म्युनिसिपालिटीनें रस्त्यावर येऊन लोकांच्या साक्षीनें गाडी हांकली, म्हणजे पुढें ती रोज हांकण्याचें वचन दिलें. साक्षीशिवाय दिलेलें वचन मोडणें सोपें असतें. म्हणून समारंभ टाकून द्यावयाचा नाहीं. तो वचन म्हणून वाचावयाचा, आणि तें पाळलें गेलें कीं नाहीं हें पुढील वर्षांच्या कागदांवरून पडताळून पाहावयाचें.

(६)

तें वचन बऱ्याच अंशीं पाळलें गेलें. जाळें उत्तरेकडे वाढत गेलें, १९२० च्या सप्टेंबरांत दुमजली ट्राम आल्या, आणि विकत घेण्याच्या हक्काचा जुना प्रश्नहि निकालास लागला. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, म्हणजे १९०५ च्या करारापासून ४२ वर्षांनीं आणि देश स्वतंत्र होण्यापूर्वीं अवघे आठ दिवस, मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशननें हा सर्व व्यवहार ताब्यांत घेतला. नांवाचें संक्षिप्त रूप ‘बेस्ट’ असेंच राहिलें, पण शेवटच्या अक्षराचा अर्थ बदलला : ‘ट्रामवेज’च्या जागीं ‘ट्रान्सपोर्ट’ आलें. ट्राम शहराच्या मालकीची झाली तेव्हांच ती नांवांतून गेली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुढें मोटारी आणि बसगाड्या वाढल्या. ट्राम रूळ सोडून बाजूस होऊं शकत नाहीं, आणि अरुंद रस्त्यांत हाच तिचा गुण दोष ठरूं लागला. मार्ग एकामागून एक बंद झाले. १९६२ सालीं रुळांवांचून चालणारी, पण तारेवरून वीज घेणारी ट्रॉलीबस आणून पाहिली. तीहि १९७१ सालीं बंद झाली. ३१ मार्च १९६४ रोजीं रात्रीं दहा वाजतां बोरीबंदराहून दादरकडे शेवटची दुमजली ट्राम निघाली, तेव्हां ती माणसांनीं खचून भरली होती. १९०७ ची पहिली फेरी आणि १९६४ ची शेवटची फेरी शेजारीं ठेवून पाहाव्या. पहिलीचें अंतर बाजारापर्यंतचें, दुसरीचें थेट दादरपर्यंतचें. पहिली फेरी शहरास वचन देणाऱ्यांची होती. शेवटची त्या वचनावर सत्तावन्न वर्षें वावरलेल्या लोकांची. प्रस्थान आणि प्रवास यांतील सर्व अंतर या दोन फेऱ्यांत मोजलें जातें.

(७)

या प्रवासाचीं साधनें आज कोणतीं उरलीं आहेत? पहिलें साधन स्थलनामांचें. दादर पूर्वेस ‘दादर टी. टी.’ असें लोक अजून म्हणतात. त्यांतील दोन अक्षरें ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांचीं आहेत, हें म्हणणाऱ्यांपैकीं अनेकांस ठाऊक नसतें. दुसरें साधन जमिनींतलें : फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या कामांत गाडलेले जुने रूळ उघडे पडले. तिसरें साधन दिसावयास सर्वांत ठसठशीत, पण वापरण्यास सर्वांत जपून : छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनससमोरील भाटिया बागेंत अलीकडे ट्रामचा एक डबा मांडण्यांत आला, तो कोलकात्याहून आणलेला आहे. स्मारक म्हणून तो ठीक; पण पुढील पिढींतील संशोधकानें त्याच्या मापांवरून मुंबईच्या ट्रामचीं मापें काढूं नयेत, एवढ्यासाठीं त्याचा येथें उल्लेख केला.

ज्या साधनाची खरी उणीव आहे तें निराळेंच. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालचें, म्हणजे ट्रामपूर्वींचें. कंपनीचे आणि म्युनिसिपालिटीचे कागद इंग्रजींत आहेत, आणि ते बोलतात ते भांडवल, परवाना आणि मालकी यांविषयीं. रोज ट्राममध्यें बसणारा मनुष्य त्यांत आंकड्याच्या रूपानें येतो. तो आपल्या शब्दांत आणि आपल्या हिशोबांत कोठें सांपडेल? घरखर्चाच्या वह्यांत. गिरगांव, काळबादेवी, दादर येथील घराघरांतून मोडींत किंवा बाळबोधींत लिहिलेल्या अशा वह्या होत्या, आणि त्यांत भाजी, दूध, टपाल यांच्या शेजारीं ट्रामचा आणा लिहिण्याची चाल असणें स्वाभाविक आहे. कोणत्या वर्षापासून तो आणा रोज पडूं लागला, पावसाळ्यांत वाढला कीं काय, घरांतील स्त्रिया केव्हांपासून ट्रामनें जाऊं लागल्या, हें अशा वहीवरूनच कळेल. उद्घाटनाच्या वृत्तांतावरून कधींहि कळणार नाहीं.

हा प्रश्न केवळ जुन्या ट्रामपुरता नाहीं. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली, तेव्हां पहिल्या दिवशींची गर्दी सर्वांनीं पाहिली. पण आरंभीचें दहा रुपये भाडें, पुढें तें किती असावें याविषयीं चालविणारी कंपनी आणि शासकीय प्राधिकरण यांच्यांत झालेला वाद, आणि तो वाद उच्च न्यायालयांत गेल्याची हकीकत, या गोष्टींची आठवण फारच थोड्यांस आहे. म्हणजे १८७४ आणि १९०५ चेच प्रश्न नव्या रुळांवर पुन्हां उभे राहिले होते. तेव्हां ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळच्या खर्चाच्या वह्या, ट्रामचीं तिकिटें किंवा पास असतील, त्यांनीं ते रद्दींत जाण्यापूर्वीं एकवार चाळून पाहावेत, आणि ट्रामच्या आण्याची नोंद आढळल्यास तिची तारीख व मार्ग यांसह नक्कल करून ती एखाद्या संशोधनसंस्थेकडे द्यावी, अशी वाचकांस विनंति आहे.